बायबलमधलं युद्ध, बायबलमधली शांती

(भांडुप येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय कळवला तेव्हा वाचनालयाच्या आयोजकांपैकी एकांनी फोनवर मोकळेपणानं विचारलं होतं, ‘सर, विषय चांगला आहे, पण हे भांडण आपलं कधी होतं?’ मला तो प्रश्न आवडला. त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून आज देतो.

आधी भांडण काय आहे ते सांगतो. बायबलमध्ये निर्गम नावाचं पुस्तक आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायात परमेश्वराला योद्धा म्हटलं आहे. त्याच बायबलात पुढं पौलाचं रोमकरांस पत्र येतं आणि त्याच्याही पंधराव्याच अध्यायात देव शांतीचा आहे. यशया सांगतो की राष्ट्रं एक दिवस आपल्या तलवारींचे नांगर करतील. योएल सांगतो, नांगर मोडा आणि तलवारी घडवा. येशू डोंगरावर बसून शांती करणाऱ्यांना धन्य म्हणतो आणि मत्तयाच्याच शुभवर्तमानात, पाच अध्याय ओलांडले की, मी शांती नव्हे तर तलवार आणायला आलोय असं बजावतो. १८६० साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम हेन्री बर नावाच्या गृहस्थानं अशा १४४ विसंगतींची यादीच छापली. चर्चची माणसं तेव्हापासून, खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून, एकेका जोडीला उत्तर देत आली आहेत.

यादीही मला कंटाळवाणी वाटते आणि उत्तरंही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोन्ही बाजू एकच गोष्ट करतात. वाक्य उचलतात आणि ते ज्याच्या तोंडी आहे त्या माणसाला मागं सोडून येतात. निर्गममधलं ते गाणं गुलामीतून नुकतेच सुटलेले लोक समुद्राच्या काठावर गातात. फारोचे रथ त्यांच्या मागावर होते, ते बुडाले. अशा घडीला माणूस देवाला काय म्हणेल? रोमकरांस पत्र ज्यांना लिहिलं ते रोममधल्या घराघरांत जमणारे मूठभर लोक, पदरी ना सैन्य ना सत्ता. दोघांच्या मध्ये कित्येक शतकं गेलेली. ती शतकं पुसून दोन वाक्यं शेजारी ठेवली की विसंगती तयार होते. हा एवढाच मुद्दा असता तर व्याख्यान इथंच संपवून चहा घेतला असता. पण तो एवढाच नाही. काही ठिकाणी शतकं आठवूनही गाठ सुटत नाही, आणि त्या ठिकाणांकडे मी पाठ फिरवणार नाही.

आता ‘आपलं भांडण’. भांडुपचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते बहुधा रेल्वेमुळे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आले असताना त्यांना मुंबई, ठाणे, कल्याण जोडणाऱ्या लोहमार्गाची कल्पना सुचली, असं गॅझेटियर सांगतं. पण ही जमीन त्याच्याही आधीपासून साष्टी बेटाची. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांच्या हवाली केली, आणि क्रूस व तोफ एकाच गलबतातून इथं उतरले. बोरिवलीचं मंडपेश्वर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते शैव लेणं. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचंच चर्च केलं आणि वरच्या बाजूला मठ बांधला. आज वर मठाचे भग्न अवशेष उभे आहेत, खाली शिवाची पूजा चालते आणि खडकात कोरलेला भला मोठा क्रूस अजून जागच्या जागी आहे. परक्यांच्या वेद्या मोडा, त्यांचे स्तंभ फोडा असा आदेश अनुवाद या पुस्तकात आहे. वैऱ्यावर प्रीती करा हा आदेश मत्तयात आहे. मठाच्या ग्रंथालयात दोन्ही एकाच पुठ्ठ्यात बांधलेले असणार. लेण्यावर कोणता अमलात आला ते दगडावर दिसतं.

मग मराठे आले. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा कोट पडला आणि मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी घातलेल्या वेढ्यानंतर, वसई. तहाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिलं, आणि मागं राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. चर्चच्या घंटा मात्र लूट म्हणून गेल्या. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याखाली कृष्णेच्या घाटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. नाशिकची नारोशंकराची घंटाही वसईचीच मानतात. युरोपात युद्ध लागलं की चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतण्याची जुनी रीत होती. आपल्याकडे युद्ध जिंकून आणलेल्या घंटा देवळात वाजायला लागल्या. यात कोणी थोर आणि कोणी क्षुद्र असं मला सुचवायचं नाही. घंटा शेवटी लुटीचीच. सांगायचं ते इतकंच की युद्ध, शांती आणि बायबल यांचा हिशोब या मातीत १८६० च्या यादीआधी किती तरी वर्षं चालू होता.

त्या हिशोबाचा मराठीतला सगळ्यात गाजलेला अंक १८५७ चा. जानेवारी महिन्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद रंगत. बुवा मूळचे विष्णू भिकाजी गोखले, कोकणातले. सरकारच्या कस्टम खात्यातली नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तप करून आलेले. समोर जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन. हे तरुणपणी कट्टर नास्तिक होते, मग ख्रिस्ती झाले, १८४८ मध्ये मुंबईत आले, मिशनचा पगार नाकारून बाजारपेठेत गरिबासारखे राहिले आणि इथंच १८८८ मध्ये वारले. अशी दोन माणसं एकमेकांसमोर बसली म्हणजे किनाऱ्यावर माणूस मावेना यात नवल नाही. बोवेन यांनी या वादाची नोंद ठेवली, आणि तिचं मराठी पुस्तक १८७२ मध्ये, बुवांच्या निधनानंतर वर्षभरानं, ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावानं निघालं.

तो सगळा प्रकार मला एकाच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या काळच्या धर्मवादात पेचात पकडणं हाच खेळ होता. मिशनऱ्यानं पुराणातली एखादी गोष्ट काढायची, शास्त्र्यानं बायबलातली. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी घातलेला वादही याच तऱ्हेचा. कोण जिंकलं ते ज्याच्या त्याच्या पुस्तकात वेगळं. पण सत्तावन्नच्या मे महिन्यात मीरतच्या शिपायांच्या बंडाची बातमी आली, आणि गर्दी जमणं हीच गोष्ट सरकारला नकोशी झाली. मेच्या अखेरीस किनाऱ्यावरच्या सभा बंद पडल्या. धर्मग्रंथात विसंगती आहे की नाही याचा निकाल लागायच्या आधी दोन्ही बाजूंचे सैनिक आपापले धर्मग्रंथ उघडून लढायला निघाले होते. या योगायोगाबद्दल बोवेन आणि बुवा एकमेकांना काय म्हणाले असते, हे ऐकायला मला फार आवडलं असतं.

आता पुस्तक उघडू. तलवारी आणि नांगर यांच्यापासून सुरू करू, कारण तिथं विसंगती अगदी ठसठशीत आहे. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात आणि मीखाच्या चौथ्या अध्यायात जवळजवळ एकसारखा मजकूर आहे. सगळी राष्ट्रं परमेश्वराच्या डोंगराकडे न्याय मागायला येतील, तलवारींचे फाळ होतील, भाल्यांचे कोयते होतील, आणि युद्धाचं शिक्षणच बंद पडेल. योएलच्या तिसऱ्या अध्यायात तीच प्रतिमा उलटी केलेली आहे. राष्ट्रांना ललकारून बोलावलंय, फाळांच्या तलवारी करा म्हटलंय, दुबळ्यानंही स्वतःला वीर म्हणवून घ्यावं म्हटलंय. हे चुकून झालेलं नाही. शब्दाला शब्द इतका नेमका उलटा पडतो की एकानं दुसऱ्याचं ऐकलेलं असणार, किंवा दोघांनी मिळून एखादी जुनी म्हण उचललेली असणार. आपल्या कोकणी मंडळींना भजनाची डबलबारी सांगायला नको. एका बुवानं गजर टाकला की समोरचा तोच धागा पकडून उलटा फिरवतो, आणि रात्रभर बसलेल्या माणसाला दोन्ही बाऱ्या ऐकल्याशिवाय उठवत नाही. ज्यांनी ही पुस्तकं एकत्र बांधली त्यांना यशयाही पाठ होता आणि योएलही. एकाला गप्प करायचं असतं तर त्यांच्या हातात सुरी होती. त्यांनी ती वापरली नाही.

पण दोन्ही बाऱ्या सारख्या नाहीत. योएल ज्या राष्ट्रांना बोलावतो ती न्यायासाठी, त्यांच्यावरच्या निकालासाठी. त्याआधी त्यांचे अपराध सांगितले आहेत, माणसांवर चिठ्ठ्या टाकल्या, मुलं विकली. तुम्हाला लढायचंय ना, या मग सगळी तयारी करून, असा तो सूर आहे. त्यातला उपहास ज्याला ऐकू येत नाही तो त्याला आज्ञापत्र समजतो. मीखात तर यशयापेक्षा थोडं जास्त आहे. आधी, प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली बसेल आणि त्याला कुणाची भीती नसेल. आणि मग जे येतं ते मला अनेक वर्षं चकित करत आलं आहे. सगळे लोक आपापल्या देवाच्या नावानं चालतात, आम्ही आमच्या परमेश्वराच्या नावानं चालू. शांतीच्या त्या चित्रात सगळ्यांनी एकाच देवळात यायची अट मीखा घालत नाही. मंडपेश्वरच्या पाद्र्यांपर्यंत ही ओळ पोचली नसावी.

या प्रतिमेचं विसाव्या शतकात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५९ मध्ये सोव्हिएत संघानं न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रांना एक कांस्य पुतळा भेट दिला. शिल्पकार येवगेनी वुचेतिच. एक उघडाबंब पुरुष हातोडा उगारून तलवारीचा फाळ करतोय. निरीश्वरवादी सरकारनं यशयाचा पुतळा द्यावा हा एक विनोद. खरा विनोद पुढं आहे. १९८० नंतर पूर्व जर्मनीतल्या तरुणांनी त्याच पुतळ्याचं चित्र असलेला कापडी बिल्ला बाहीवर शिवून घेतला, कारण शाळांतून लष्करी शिक्षण सक्तीचं झालं होतं. सरकारनं बिल्ल्यावर बंदी घातली. मित्रराष्ट्रानं जगाला भेट दिलेला पुतळा बाहीवर लावला म्हणून पोलिसांनी पोरांना अडवायचं, बिल्ला काढायला लावायचा. काहींनी बिल्ला कापून काढला आणि त्या जागी पडलेलं भोक तसंच मिरवलं. सप्टेंबर १९८३ मध्ये विटेनबर्गला, मार्टिन ल्यूथरच्या घराच्या अंगणात, पाद्री फ्रीडरिश शोर्लेमर यांच्या पुढाकारानं एका लोहारानं भट्टी पेटवून सगळ्यांदेखत खरीखुरी तलवार ठोकून तिचा फाळ केला. हे वचन कोण म्हणतं यावर त्याचा अर्थ किती बदलतो ते बघा. न्यूयॉर्कमध्ये महासत्ता म्हणते तेव्हा ते सजावट असतं. विटेनबर्गला रणगाड्यांच्या सावलीतला लोहार म्हणतो तेव्हा ते राजद्रोह होतं.

दुसरं उदाहरण माझ्या आवडीचं आहे आणि ते कुठल्या यादीत फारसं दिसत नाही. दावीद राजाला यरुशलेमात मंदिर बांधायचं होतं. त्याला ते बांधता आलं नाही, त्याच्या मुलानं, शलमोनानं बांधलं. का? दुसऱ्या शमुवेलाच्या सातव्या अध्यायात कारण असं की परमेश्वराला घर हवं कुठं होतं, त्यानं ते कधी मागितलंच नव्हतं, उलट तोच दावीदाचं घराणं बांधून देणार. पहिल्या राजेच्या पाचव्या अध्यायात शलमोन शेजारच्या राजाला सांगतो की वडिलांना चहूबाजूंच्या लढायांतून फुरसत मिळाली नाही. अगदी व्यवहारी कारण. आणि पहिल्या इतिहासाच्या बाविसाव्या अध्यायात दावीद स्वतः मुलाला सांगतो, तू फार रक्त सांडलंस, तुझ्या हातून माझं घर नको, असं मला देवानं सांगितलं.

एकच घटना, तिची तीन कारणं. यादीवाल्याला ही तीन विसंगत उत्तरं दिसतील. मला तिथं एक समाज आपल्याच नायकाकडे पुन्हा पुन्हा वळून बघताना दिसतो. दावीद त्यांचा लाडका राजा, त्यांच्या गाण्यातला वीर. त्याच्या लढाया शमुवेलाच्या पुस्तकात रंगवून सांगितल्या आहेत, आणि देव त्याच्या बाजूला होता हेही. इतिहासाची पुस्तकं पुष्कळ नंतरची, बाबिलोनच्या बंदिवासानंतरची. तेव्हा राजा राहिला नव्हता, सैन्य राहिलं नव्हतं, परक्या साम्राज्याखाली एक लहानसं मंदिर होतं. त्या माणसांनी जुनी गोष्ट पुन्हा लिहिताना लाडक्या राजाच्या हाताला रक्त लागलंय असं देवाच्या तोंडून वदवलं. आपल्याच वीराबद्दल असं लिहायला काय धैर्य लागतं, ते महाराष्ट्रात मी वेगळं सांगायला नको. आणि जुनी पुस्तकं त्यांनी जाळली नाहीत. ती शेजारीच ठेवली.

आता येशूची तलवार. इथं मात्र मला मराठीतलंच घर दाखवायचं आहे. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, त्यांनी नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचत वाचत मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर, डोंगरावरच्या प्रवचनावर आले आणि तिथं खिळले. शत्रूवर प्रेम, दुसरा गाल पुढं करणं, शांती करणारे धन्य. त्या प्रवचनानं हा कवी जिंकला गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र दहावा अध्याय आला. मी तलवार आणायला आलोय म्हटल्यावर पुढच्याच ओळीत येशू ती तलवार कुठं पडणार ते सांगतो. मुलगा आणि बाप यांच्यामध्ये, आई आणि मुलगी यांच्यामध्ये, सून आणि सासू यांच्यामध्ये. माणसाचे वैरी त्याच्याच घरचे असतील. ही कल्पना त्यानं मीखाकडून, सातव्या अध्यायातून घेतली आहे, आणि तिथं ती धमकी नसून विलाप आहे. लूकनं हेच बोलणं दिलंय, पण तलवार काढून तिथं सरळ फूट म्हटलंय. म्हणजे रणांगणाचा इथं संबंध नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलं आहे त्यांना ही तलवार चांगली ओळखीची आहे. आजोळच्या आजोबांना सत्तावन्नच्या बंडात फाशी झालेली, त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलेलं, अशा घरातली ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाल्याचं कळल्यावर तिच्याभोवती जे आकाश कोसळलं, नातेवाइकांच्या घरी, पंढरपुरात जे दिवस काढले, लहान मुलाला जवळ घेऊन पुढं काय या विचारात ज्या रात्री गेल्या, त्या तिनं इतक्या हसत सांगितल्या आहेत की वाचणाऱ्याला रडायचीही सोय राहत नाही. पुढं त्या टिळकांकडे आल्या त्याही सोवळं सांभाळत, स्वतंत्र चूल मांडून. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण नवऱ्यानं ओढलं म्हणून नव्हे. जात कोणी केली या प्रश्नाशी त्या स्वतः झगडल्या आणि स्वतःच्या पायांनी तिथवर चालत गेल्या.

मला विचाराल तर मत्तयाच्या पाचव्या आणि दहाव्या अध्यायांतला मेळ मराठीत याहून चांगला कुठल्या भाष्यकारानं दाखवलेला नाही. तलवार आणायला आलो हे वाक्य येशू सेनापतीला सांगत नाही. तो ते बारा निःशस्त्र माणसांना सांगतो, त्यांना गावोगाव पाठवताना, काठीही बरोबर नेऊ नका असं बजावून. तुम्ही शांती सांगायला जाल आणि तुमच्या घरात तलवार पडेल, अशी ती पूर्वसूचना. घाव घेणाऱ्यांना दिलेली. तेच वाक्य घाव घालणाऱ्याच्या तोंडी आलं की त्याचा अर्थ नुसता बदलत नाही, तो उलटा होतो. आणि इतिहासात ते बहुतेक वेळा घाव घालणाऱ्यांच्याच तोंडी आलं.

लूकच्या बाविसाव्या अध्यायातल्या दोन तलवारींचंही तेच झालं. शेवटच्या रात्री येशू म्हणतो, ज्याच्याकडे तलवार नाही त्यानं अंगावरचं विकून ती घ्यावी. शिष्य म्हणतात, इथं दोन आहेत. तो म्हणतो, पुरे. बारा माणसं, दोन तलवारी, समोर मंदिराचे शिपाई आणि मागं रोमचं साम्राज्य! ही युद्धाची तयारी असेल तर ती जगातली सगळ्यात हास्यास्पद तयारी म्हणावी लागेल. काही भाष्यकार त्या ‘पुरे’मध्ये वैताग ऐकतात, मीही ऐकतो. त्याच अध्यायात थोडं पुढं एका शिष्यानं तलवार चालवलीच. महायाजकाच्या चाकराचा कान उडाला. येशूनं त्याला थांबवलं आणि कानाला हात लावून तो बरा केला. कान बरा केल्याचं चारांपैकी एकट्या लूकनं लिहिलंय. म्हणजे ज्यानं तलवार विकत घ्यायचं वाक्य लिहून ठेवलं, त्यानंच कान जोडल्याचंही लिहून ठेवलं. या दोन तलवारींवरून १३०२ मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी फर्मान काढलं की एक तलवार धर्माची आणि दुसरी राज्याची, आणि दोन्ही चर्चच्या अधिकारात. जुन्या ग्रंथातून काय काढता येतं याला मर्यादा नाही, हेच खरं.

आता जिथं गाठ सुटत नाही तिथं येतो. अनुवादच्या विसाव्या अध्यायात युद्धाचे नियम आहेत. शहरावर चाल करण्याआधी शांतीचा प्रस्ताव द्या. वेढा लांबला तरी फळझाडं तोडू नका, झाड म्हणजे काही शत्रू नव्हे. वाचताना बरं वाटतं. पण त्याच अध्यायात कनानमधल्या शहरांबद्दल सांगितलंय की श्वास घेणारं काहीही जिवंत ठेवू नका. झाडाला अभय आहे, तान्ह्या मुलाला नाही. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात शौल राजाला अमालेकी लोकांची स्त्रिया-मुलांसकट कत्तल करण्याची आज्ञा आहे, आणि ती पुरती पाळली नाही म्हणून त्याचं राज्य जातं.

अभ्यासक सांगतात की ही त्या काळची युद्धाची बोली आहे, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. शेजारच्या मवाबच्या मेशा राजाचा शिलालेख १८६८ मध्ये सापडला, तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा अगदी याच भाषेत म्हणतो की त्यानं नबो गावातली सात हजार माणसं आपल्या देवाला वाहून मारली, आणि इस्राएल कायमचं संपलं. इस्राएल तर संपलं नव्हतं. बायबलातही तसंच. यहोशवाच्या पुस्तकात सगळा देश निःशेष जिंकला, आणि पुढच्याच शास्त्यांच्या पहिल्या अध्यायात कनानी लोक जागोजाग राहत आहेत. निःशेष झालेले अमालेकी त्याच पहिल्या शमुवेलाच्या शेवटाकडे दावीदाचं गाव लुटून जाताना दिसतात. १९५० च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी यरीहोचं उत्खनन केलं, तेव्हा यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळात तिथं पाडण्याजोगी तटबंदीच आढळली नाही.

हे सगळं मान्य. कत्तली जेवढ्या लिहिल्या तेवढ्या झाल्या नसाव्यात याचं समाधानही मान्य. पण त्या देवाच्या तोंडी घालून अभिमानानं लिहिल्या गेल्या, हे राहतंच. आणि पुढं ज्यांनी त्या वाचल्या त्यांना उत्खननाचा अहवाल ठाऊक नव्हता. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन धर्मोपदेशकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेकी म्हटलं, आणि तसं म्हटल्यावर काय करायचं ते पुस्तकात लिहिलेलंच होतं. तिसऱ्या शतकात ओरिजेननं यहोशवाच्या लढाया माणसाच्या मनातल्या दुर्गुणांशी चाललेल्या लढाया म्हणून वाचल्या. मला तो मार्ग सुंदर वाटतो, पण तो सुटकेचा मार्ग आहे. माझं मत स्पष्ट आहे. ही पानं चुकीची आहेत, आणि त्यांचा विरोध करणारा पुरावा त्याच पुस्तकात आहे. दुसऱ्या राजेच्या सहाव्या अध्यायात अरामाचं सैन्य आयतं हातात सापडतं. इस्राएलाचा राजा उतावीळ होऊन विचारतो, मारू का? अलीशा संदेष्टा म्हणतो, त्यांना जेवायला वाढ आणि घरी पाठव. मोठी मेजवानी होते, सैन्य परत जातं आणि त्या टोळ्यांच्या धाडी थांबतात. अमालेकाची गोष्ट सांगणाऱ्याला ही गोष्टही सांगायला लावली पाहिजे.

मघाच्या फोनवरच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर आता देतो. हे भांडण आपलं यासाठीही आहे की ते आपण वेगळ्या ग्रंथावर भांडलो आहोत. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते १९१५ मध्ये छापून आलं, आणि त्यातला अर्जुन कर्तव्य म्हणून शस्त्र उचलतो. गांधीजींनी तीच गीता वाचून रणांगण माणसाच्या हृदयात आहे असं म्हटलं, आणि विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढं गीतेवर बोलताना तिसरीच वाट काढली. १९२० च्या जानेवारीत टिळक आणि गांधी यांच्यात या मुद्द्यावर जाहीर चकमक झाली. जशास तसं हे गीतेत बसतं असं टिळकांचं म्हणणं, गांधींना ते नामंजूर. त्या वेळी कुणी गीतेतल्या विसंगतींची यादी काढली नाही. दोन माणसं काय मागतायत ते लोकांना कळलं होतं. टिळक एका पराधीन, हात बांधलेल्या देशाशी बोलत होते हे विसरून त्यांचं वाक्य आज सत्तेवर बसलेल्या माणसाच्या हातात दिलं तर तेही लूकच्या तलवारीसारखंच उलटं होतं. गांधींच्या वाक्याचंही होतं बरं का. ज्याच्या पाठीवर बूट आहे त्याला बूटवाल्यानं अहिंसा शिकवली की ती शिवी ठरते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल अब्राहम लिंकन यांनी ४ मार्च १८६५ च्या भाषणात म्हटलं होतं की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकमेकांविरुद्ध एकाच देवाची मदत मागतात. दोघांच्या प्रार्थना पुऱ्या होणं शक्य नव्हतं, हेही त्यांनी म्हटलं. महिना-दीड महिन्यात त्यांचा खून झाला.

आता दोन विनंत्या करतो आणि थांबतो. पहिली वाचनालयाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’, ‘गीतारहस्य’ आणि विनोबांची ‘गीता प्रवचने’ ही चार पुस्तकं एकाच फळीवर ठेवा, धर्माच्या वेगवेगळ्या कपाटांत वाटून टाकू नका. दुसरी तुम्हाला. घरी जाऊन लूकचा बाविसावा अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका बैठकीत वाचा. तलवार विकत घ्यायचं वाक्य आलं की थांबू नका, कान बरा होईपर्यंत चला, आणि मग मला खोडून काढायला खुशाल या.